घराभोवती शिंपल्यांचा चुरा

शिंपल्यांचा चुरा कसा घालायचा, या विषयावर म्हातारा एकदा सुरू झाला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. आधी शिंपले धुवायचे. मग अख्खा उन्हाळा उन्हात पसरून ठेवायचे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या अंगणात असा काही वास सुटतो की पाहुणे फाटकातूनच परत फिरतात. मग भरडायचे, चाळायचे, जाड भरड खाली आणि बारीक चुरा वर. त्यावर झारीनं पाणी मारायचं आणि धुम्मस घेऊन ठोकायचं. धुम्मस म्हणजे दांड्याला बसवलेला जड लोखंडी ठोकळा, दोन्ही हातांनी उचलायचा आणि आपटायचा. पाणी लागलं की चुऱ्यातली भुकटी चुन्यासारखी धरते, आणि नीट ठोकली की पायवाट फरशीसारखी बसते. म्हाताऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चालताना पायाखाली करकर आवाज आला की समजायचं, काम अर्धवट राहिलंय."

समुद्राकाठच्या त्या वस्तीत बंगले बरेच, आणि हौस त्याहून जास्त. नवा माणूस आला की आधी हिरवळ लावायचा. खारा वारा बघता बघता ती जाळून टाकायचा, मग कपाळावर हात मारून गडी म्हाताऱ्याच्या दारात हजर! अशी कितीतरी अंगणं म्हाताऱ्यानं पांढरी करून दिली. पावसाचं पाणी त्यावर तुंबत नाही, चिखल होत नाही, आणि तण उगवायला धजत नाही. हात दुखायला लागले तेव्हा धंदा आपसूक धाकट्या लेकीकडे आला. थोरल्याला, म्हणजे तिच्या भावाला, असल्या कामाची पहिल्यापासून ऍलर्जी. तो दूर शहरात ऑफिसात बसायचा आणि फोनवरून काळजी करायचा.

धाकटीचे केस कानांजवळ पांढरे झाले होते तरी ती धाकटीच. बाई कामाला वाघीण होती, पण डावखुरी. चुरा पसरून झाला की वरून दाताळं फिरवून तो सारखा करायचा असतो, तेव्हा तिच्या रेघा हमखास एका बाजूला कलायच्या. लहानपणी म्हाताऱ्यानं दाताळं तिच्या उजव्या हातात कोंबून बघितलं. रडणं झालं, रुसणं झालं, दाताळं फेकून देणं झालं. शेवटी त्यानं नाद सोडला. मात्र एक खोड सोडली नाही. तिचं काम झालं की येऊन उभा राहायचा, नाक मुरडायचा, म्हणायचा, "ह्याला काय काम म्हणतात?" आणि तिच्या रेघांवरून आपलं दाताळं पुन्हा फिरवायचा. एवढ्या वर्षांत एकदा, चुकून एकदासुद्धा, छान म्हणाला असेल तर शपथ! धाकटी हसून सोडून द्यायची. सोडून दिल्यासारखं दाखवायची, असं म्हणूया.

मग म्हाताऱ्याचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. तिथवर घरानं हसून निभावलं. पण पुढं त्याला बाहेर पडायची खोड लागली. पहाटे उठायचा, चपला न घालता मागच्या दारानं निघायचा आणि समुद्राच्या दिशेनं चालू लागायचा. कुठं निघालात विचारलं तर उत्तर एकच, "काम अर्धवट राहिलंय." कुठलं काम, कुणाचं काम, ते काही सांगता यायचं नाही. सांगता आलं नाही की चिडायचा, आणि चिडला की डोळ्यांत पाणी यायचं. धाकटीला त्याचं ते पाणी बघवायचं नाही.

एकदा तर तो भरतीच्या वेळी खडकांवर सापडला. चहूबाजूंनी पाणी चढत होतं आणि हा पठ्ठ्या मध्यभागी उकिडवा बसून खडकाला चिकटलेले शिंपले बोटांनी चाचपत होता. धाकटी कमरेएवढ्या पाण्यातून गेली आणि दंडाला धरून त्याला घेऊन आली. घरी आल्यावर तिनं त्याचे ओले कपडे बदलले आणि चहा ठेवला.

थोरल्याला ते कळलं, आणि त्यानं फोनवर सुनावलं. "हे बघ, आता पुरे झालं. एकतर त्यांच्या खोलीला बाहेरून कडी-कुलूप बसव, नाहीतर मी येऊन त्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवतो. पुन्हा असं झालं तर मी विचारायलासुद्धा थांबणार नाही."

"कुलूप? बाबांना?"

"मग समुद्रात जाऊ देतेस?"

 थोरला वाईट नव्हता, त्याचंही काळीज तुटत होतंच. पण ज्या माणसानं जन्मभर उघड्या आभाळाखाली काम केलं त्याला खोलीत कोंडायचं, हे तिच्या मनाला पटेना. तसल्या एका संस्थेत ती एकदा कामासाठी गेली होती. तिथली म्हातारी माणसं खिडकीपाशी रांगेनं बसलेली होती आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढून ते हात हलायला तयार नव्हते. बाबा घरात राहायला हवेत, दार उघडं राहायला हवं, आणि ते जिवंतही राहायला हवेत. एवढंच तिला हवं होतं, आणि तेच नेमकं एका जागी जमत नव्हतं.

युक्ती सुचली ती एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून. नव्या पाहुणेघराची मालकीण फणकाऱ्यानं म्हणाली, "तुमचा तो चुरा अजून ठोकला नाही का हो? मांजर चाललं तरी मला गच्चीवर ऐकू येतं!" धाकटी माफी मागायचं विसरली. मालकिणीकडे बघत तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "ताई, तुमचे फार उपकार झाले," आणि ठोकायचं काम तसंच टाकून घरी पळाली. मालकीण तोंडात बोट घालून बघत राहिली.

तिनं घराच्या चारी बाजूंनी चुरा घातला. भिंतीपासून कुंपणापर्यंत, मागच्या दारापुढे तर घोट्याएवढा जाड. पाणी मारलं नाही. ठोकला नाही. मुद्दाम जाडी भरड वर ठेवली. हे करताना तिला इतकी लाज वाटत होती, की कुणी ओळखीचं दिसलं तर ती दाताळं पाठीमागे लपवायची. उस्तादाच्या पोरीनं उस्तादाच्याच घराभोवती असलं काम करावं? पण काम फत्ते झालं. म्हाताऱ्यानं पहाटे मागच्या दाराबाहेर पाय टाकला की करकर-करकर! ती आवाजासरशी उठायची, त्याच्या खांद्यावर शाल टाकायची आणि म्हणायची, "बाबा, चहा टाकलाय." आणि म्हातारा परत फिरायचा. थोरल्याला तिनं फोनवर सांगितलं, कुलपाचं नाव काढू नकोस, माझं मी बघते.

एक गोष्ट मात्र ती साफ विसरली. ते घर हाडाच्या कारागिराचं होतं.

दिवसा ती कामावर गेली की शेजारच्या शिंपीणकाकू लक्ष ठेवायच्या. काकूंची शिवणयंत्राजवळची खिडकी नेमकी म्हाताऱ्याच्या मागच्या अंगणावर उघडायची. "तू जा गं निर्धास्त," काकू म्हणायच्या, "मी आहे डोळ्यांत तेल घालून." आणि होत्याच त्या. म्हातारा दुपारी झारी घेऊन अंगणात हिंडतोय, पाणी शिंपडतोय, मग धुम्मस घेऊन हळूहळू ठोकतोय, हे सगळं त्यांनी व्यवस्थित बघितलं. त्यांना वाटलं, बरंच आहे की! माणूस घरात आहे, डोळ्यांसमोर आहे, कामात रमलाय, परकर शिवता शिवता आपल्यालाही सोबत आहे. यात सांगण्यासारखं काय असणार? काकूंना बिचाऱ्यांना चुऱ्यातलं काय कळणार. आणि धाकटी यायची-जायची पुढच्या फाटकातून. पुढचा चुरा करकरत होता, म्हणून तिनं मागचा तपासलाच नाही.

मग एका सकाळी तिला जाग आली ती तोंडावर पडलेल्या उन्हानं. घर शांत होतं. म्हाताऱ्याचं अंथरूण रिकामं, मागचं दार सताड उघडं. आवाज कसा आला नाही? ती उंबरा ओलांडून धावत बाहेर गेली आणि जागीच थिजली, कारण तिच्या स्वतःच्या पायाखालीही आवाज झाला नव्हता. तिनं पाय आपटून बघितला. फरशी! मागचं सबंध अंगण तुळतुळीत, टणक, एका पातळीत बसलेलं होतं. कडा भिंतीला काटकोनात भिडवलेल्या. असं काम या वस्तीत एकच माणूस करू शकत होता.

"अगं बाई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ती अनवाणीच पळाली. आधी खडकांकडे गेली, तिथं लाटा आपटत होत्या आणि माणूस नव्हता. तिनं हाका मारल्या. "बाबा" म्हणून मारल्या, मग त्याला गिऱ्हाइकं मारायची तशी "उस्ताद" म्हणूनही मारल्या. वाऱ्यानं त्या तिच्याच तोंडावर परत आणल्या. पाण्यात काही काळं हललं की ती तिकडं धावायची, आणि दरवेळी ते शेवाळ निघायचं. मीच केलं हे, ती मनाशी म्हणत होती. कुलूप लावलं असतं तर आज बाबा जिवंत असते. असते म्हटल्याबरोबर तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

मग ती वळणाच्या रस्त्यानं आपल्या वाळवणाच्या जागेकडे निघाली, कारण आता दुसरी जागाच उरली नव्हती. किनाऱ्यालगत एक उघडा तुकडा होता, तिथं शिंपल्यांचे ढीग ऊन खात पडलेले असायचे. वळणावर आली आणि थांबली.

समोरून म्हातारा येत होता. डोक्यावर चुऱ्यानं भरलेलं घमेलं, एक हात वर आधाराला, दुसरा झुलता, चाल अगदी जुनी. केस, भुवया, खांदे, सगळं पांढऱ्या भुकटीनं माखलेलं. आणि तोंड घराकडे! बाहेर पडायला लागल्यापासून दरवेळी तिनं त्याची पाठ बघितली होती. घराकडे येणारा बाप तिला आज पहिल्यांदाच दिसत होता.

"बाबा!" ती रडत होती की ओरडत होती, तिचं तिला कळत नव्हतं. "कुठं गेला होतात तुम्ही?"

"कुठं म्हणजे?" म्हातारा वैतागला. "पुढच्या बाजूला चुरा कमी पडला. तुला काय, कसंही पसरून ठेवतेस. ह्याला काय काम म्हणतात? बाजूला हो, मान अवघडलीय माझी."

ती बाजूला झाली. त्याच्या मागून चालू लागली. वाटेत समुद्राकडे जाणारा फाटा लागला, रोज त्याला ओढून नेणारा. म्हाताऱ्यानं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. काम घरी होतं ना! अर्धवट काम आता त्याच्याच अंगणात पसरलं होतं, मग समुद्राकडे जायचं कशाला? हे तिच्या डोक्यात उतरलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसली. म्हातारा मान न वळवता म्हणाला, "दात काढू नकोस, झारी भर."

त्यानंतर त्या घरात एक नवा उद्योग सुरू झाला, आणि उद्योग म्हणजे शुद्ध लबाडी. संध्याकाळी म्हातारा चहा प्यायला शिंपीणकाकूंकडे जायचा. काकूंना आता सगळं माहीत होतं. त्या मुद्दाम रेडिओ मोठा लावायच्या आणि बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे ठेवायच्या. तेवढ्या वेळात धाकटी लोखंडी दाताळं घेऊन अंगणाचा एखादा तुकडा उकरून मोकळा करायची, कधी मागचा, कधी पुढचा. वर जाडी भरड पसरायची. आणि दाताळं ओढायची उजव्या हातानं, दात-ओठ खात, रेघा सरळ याव्यात म्हणून. डाव्या हाताच्या कललेल्या रेघा दिसल्या तर म्हातारा ओळखेल, आणि ओळखलं तर रागानं काम टाकून निघून जाईल, ही भीती. लहानपणी जे तिनं रडूनही केलं नव्हतं ते आता मुकाट्यानं करत होती.

सकाळी म्हातारा अंगणात यायचा, पायाखाली करकर वाजलं की थांबायचा, कपाळाला आठ्या घालायचा. मग बाह्या सरसावून झारी भरायला जायचा. पहाटे निघून जाणं थांबलं. मधूनच एखाद्या दिवशी फाटकापर्यंत जायचा, पण वाटेतला मोकळा चुरा त्याला अडवायचा. अर्धवट काम ओलांडून तो पुढं जाईल कसा?

थोरला न कळवता आला, पिशवीत नवं कोरं कुलूप घेऊन. फाटकातून आत शिरला तो नेमका नुकत्याच भिजवलेल्या तुकड्यावर.

"ए! ए! पाय! डोळे फुटलेत का?" म्हातारा धुम्मस टाकून धावला. थोरला दचकून भिंतीला चिकटला. एवढा मोठा साहेब, पण बापाचा तो आवाज ऐकून त्याचा पार शाळकरी पोरगा झाला. म्हाताऱ्यानं त्याच्या बुटांचे ठसे बघून हळहळत मान हलवली. त्याला मुलगा ओळखू आला की नाही, सांगणं कठीण. झारी मात्र त्यानं त्याच्याच हातात दिली. "मार पाणी. हळू. झाडाला नाही घालत तू."

थोरल्यानं दुपारभर पाणी मारलं. संध्याकाळी निघताना तो धाकटीजवळ घुटमळला.  शेवटी म्हणाला, "ते कुलूप... फाटकाबाहेरच्या सामानाच्या खोलीला लाव. धुम्मस चोरीला जाईल एखाद्या वेळेस." तिनं मान हलवली आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

असं सगळं नीट चाललं होतं म्हणेपर्यंत विसरणं आणखी एक पायरी खाली उतरलं. म्हातारा धाकटीला अधूनमधून ओळखेनासा झाला. परक्यासारखा बघायचा, अदबीनं बोलायचा. ते अदबीनं बोलणं तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

एका दुपारी ती लवकर घरी आली. म्हातारा सावलीत पालथ्या घमेल्यावर बसला होता. तिला बघून अर्धवट उठला.

"या बाईसाहेब. इकडून या. तिथं ओलं आहे."

कुठल्यातरी बंगल्याची मालकीण समजत होता तो तिला.  डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांची चूक दुरुस्त करत बसू नका. ती पायरीवर टेकली आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "संपत आलं का हो काम?"

"हे?" म्हातारा खुदकन हसला. आजूबाजूला बघून त्यानं आवाज खाली आणला. "हे नाही संपायचं, बाईसाहेब. माझी धाकटी रोज संध्याकाळी उकरून ठेवते ना."

धाकटी पायरीवरून पुढं सरकली.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"रेघा बघा की." त्यानं कोपऱ्यातल्या न ठोकलेल्या तुकड्याकडे बोट केलं. "उजव्या हातानं ओढतेय, लबाड. मला कळू नये म्हणून. पण कोपऱ्यात वळताना दाताळं डाव्या हातात जातंच तिच्या. ती बघा, तिथून रेघ कलली. दुसऱ्या कुणाची अशी कलत नाही." त्याचा चेहरा असा खुलला होता, जणू त्याला बाजारातल्या गर्दीत कुणी आपलं माणूस दिसलं असावं.

"मग तुम्ही रागावला नाहीत तिला?"

 म्हातारा हातावरची वाळलेली भुकटी अंगठ्यानं घासत राहिला.

"रागावू कशाला? माझे पाय हल्ली माझं ऐकत नाहीत, बाईसाहेब. कुठं निघतात, मलाच कळत नाही. भीती वाटते मला. हातात काम असलं की थांबतात. तिला ते उमगलंय. दिवसभर लोकांची अंगणं करून येते पोरगी, आणि मग हे." त्यानं तिच्याकडे वळून हात जोडले. "तुम्ही मात्र तिला सांगू नका हं, मला माहीत आहे म्हणून. सांगितलंत तर लाजेल ती, थांबेल. मग मी काय करू?"

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली.  मग तिला राहवलं नाही. "काम कसं करते हो ती?"

"माझ्याहून सरस," म्हातारा पटकन म्हणाला, जणू हे सगळ्यांना ठाऊकच होतं. "तोंडावर नाही बोललो कधी. डोक्यावर बसली असती."

ती पदर तोंडाला लावून घरात गेली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पोटभर रडली. बाहेर धुम्मसाचे ठोके पुन्हा सुरू झाले होते.

संध्याकाळी काकूंचा रेडिओ लागला. धाकटीनं दाताळं घेतलं, मागच्या दारापुढचा तुकडा उकरला, भरड पसरली. मग दाताळं डाव्या हातात घेतलं आणि भिंतीपासून कुंपणापर्यंत आपल्या मनासारख्या लांब, कललेल्या रेघा ओढल्या. एकही पुसली नाही.

सकाळी म्हातारा बाहेर आला. करकर वाजलं तसा थांबला. त्या रेघांकडे बघत इतका वेळ उभा राहिला, की आतून बघणाऱ्या धाकटीचा जीव टांगणीला लागला. मग तो वाकला आणि एका रेघेवरून बोट शेवटपर्यंत फिरवलं.

"ह्याला काय काम म्हणतात?" तो घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, आणि झारी भरायला गेला.